राय म्हणजे मोहरी नव्हे

मराठीत दारू कोणी पीत नाही, ती 'घेतात'. घेणारे चारजण जमले की ते 'बसतात'. "शनिवारी बसायचं का?" या प्रश्नाचा सतरंजीशी काही संबंध नाही, हे घरातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असते. मापांनाही आपण लाडकी नावे ठेवली आहेत. चपटी, क्वार्टर, खंबा. म्हणजे किती घेतली हे सांगायला आपल्याकडे शब्द भरपूर. ती लागते कशी, असे विचारले तर मात्र गाडी 'कडक' आणि 'स्मूथ' या दोन स्टेशनांपुढे जात नाही, आणि त्यातलेही दुसरे जाहिरातवाल्यांनी बांधलेले.

हे सगळे मी आजवर बाहेरून ऐकत आलो. वयाच्या एकाहत्तराव्या वर्षापर्यंत मद्याचा थेंब माझ्या जिभेला लागला नव्हता. २०२४च्या ऑक्टोबरात तो लागला. कॅनडातल्या कॅलगरी शहरात, मुलीच्या घरी, साक्षात व्याह्यांच्या हातून. ज्या पुरवणीतल्या पाककृती आजी वाचते आणि शब्दकोडे नातू सोडवतो, तिथे हा विषय काढावा की नाही याचा मी बरेच दिवस विचार केला. पण जे मुलगी, जावई, विहीणबाई आणि सौ. यांच्यादेखत केले, ते वाचकांपासून लपवण्यात काय हशील?

आधी इतकी वर्षे न पिण्याचे कारण सांगतो. आमचे बालपण परळच्या चाळीत गेले. मुंबईचा दारूबंदी कायदा १९४९ सालचा. म्हणजे मला कळू लागले तेव्हा दारूबंदी चांगली मुरली होती, आणि हातभट्टीही. अण्णा, म्हणजे माझे वडील, गिरणीत होते. पगाराच्या दिवशी ते कोणत्या गल्लीतून येतील हे आईला नेमके माहीत असे, आणि आम्हा भावंडांपैकी एकाला त्या गल्लीच्या तोंडाशी उभे केले जाई. अण्णांच्या शर्टाला, उशीला, घोंगडीला एक वास होता. आंबूस, नाकात चढणारा, धुऊनही न जाणारा. १९७४ साली ते यकृताच्या दुखण्याने गेले. आईने माझ्याकडून शपथ वगैरे काही घेतली नाही. तेराव्या दिवशी पाहुणे पांगल्यावर तिने माझ्याकडे नुसते पाहिले. ते पाहणे मला पन्नास वर्षे पुरले.

पुढे मी शाळेत रसायनशास्त्र शिकवले. तीस वर्षे फळ्यावर ऊर्ध्वपातनाची आकृती काढली. चंबू, तापमापी, लिबिगचा शीतक, खाली चंचुपात्र. अल्कोहोल ७८ अंश सेल्सिअसला उकळते, पाणी १०० अंशांना. सगळा खेळ या फरकाचा. दरवर्षी मागच्या बाकावरून कोणी तरी हटकून विचारी, "सर, अशीच काढतात ना?" मी "हो" म्हणून पुढच्या धड्याकडे वळत असे. गडचिरोलीत १९९३ साली दारूबंदी झाली तेव्हा मी शिक्षकांच्या खोलीत पेढे वाटले होते. आजही वाटीन. हे अशासाठी सांगतो की पुढचे वाचून कोणी मला 'बसणाऱ्यां'च्या पंगतीत बसवू नये.

आमचे व्याही प्रेअरीतले शेतकरी. कॅलगरीपासून दोन-अडीच तासांवर त्यांची शेती होती. आता ती भाच्याकडे आहे. माणूस अबोल, हात फावड्यासारखे. २०२२ साली आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांनी आदराने बाटली काढली आणि मी तितक्याच आदराने नकार दिला. त्यांनी कारण विचारले नाही. त्याच ग्लासात मला सफरचंदाचा रस दिला आणि आपली बाटली न उघडताच परत कपाटात ठेवली. सौ.ला त्यांची ही गोष्ट फार आवडली. (विहीणबाईंची दुसरीच एक गोष्ट आवडली. त्यांची बटणे आणि दोऱ्याची रिळे एका जांभळ्या मखमली बटव्यात होती, सोनेरी नाडी ओढून बंद होणाऱ्या. हिने 'कुठे मिळतो?' म्हणून विचारले, तर तो 'क्राऊन रॉयल' नावाच्या व्हिस्कीच्या बाटलीबरोबर येणारा निघाला. इंग्लंडचे राजे सहावे जॉर्ज आणि राणी एलिझाबेथ १९३९ साली कॅनडाच्या दौऱ्यावर आले, तेव्हा त्यांच्यासाठी ही व्हिस्की बनवली गेली. बाटली संपते, बटवा उरतो, आणि घरोघरी तो गोट्या नि बटणे सांभाळतो.)

दुसऱ्या खेपेला आम्ही ऑक्टोबरात गेलो. तिकडे ऑक्टोबरातल्या दुसऱ्या सोमवारी थँक्सगिव्हिंगचा सण असतो, पीक घरात आल्याचा. आदल्या दिवशी व्याह्यांनी मला शेतावर नेले. सगळीकडे कापणी झालेली, जमीन पिवळीकरडी, आणि मध्येच एक पट्टा हिरवागार. गव्हाच्या कोंबांसारखे वीतभर कोंब. मी विचारले, हे अवेळी काय उगवले? ते म्हणाले, राय.

घरी परतल्यावर मी हे सांगितले तर सौ. म्हणाली, "राई? म्हणजे मोहरी?" मुलगी हसून लोळली. आपल्या भाषेत राई म्हणजे बारीक मोहरी, आणि तिकडची राय म्हणजे गव्हाच्या भावकीतले एक धान्य. गंमत अशी की सौ.ची चूक अगदीच चूक नव्हती. शेजारच्या सस्कॅचेवान प्रांतात खरोखरीची मोहरी अफाट पिकते आणि मोहरीच्या निर्यातीत कॅनडा जगात पुढे आहे. आपल्या फोडणीतली मोहरी त्यांना ठाऊक आहे. त्यांच्या भाकरीतली राय आपल्याला ठाऊक नाही, इतकेच.

हे धान्य मोठे चिवट. हलक्या, रेताड जमिनीत येते. तिकडे ते बहुधा शरद ऋतूत पेरतात. ते कोंब धरते, आणि मग त्याच्यावर बर्फ पडते. चार-पाच महिने बर्फाखाली ते तसेच दबा धरून राहते आणि वसंतात बर्फ वितळले की जणू काही झालेच नाही अशा थाटात वाढू लागते. ज्वारी-बाजरीच्या मुलखातल्या माणसाला हा स्वभाव लगेच ओळखू येतो. फक्त आपली बाजरी उन्हाशी झगडते आणि ही थंडीशी.

भट्टीवाल्यांना मात्र राय नकोशी वाटते, असे व्याही म्हणाले. कारण तिच्यातला चिकटपणा. पाण्यात शिजवली की ती खळीसारखी दाट होते, आंबवताना फेस काढून भांड्याबाहेर येते, नळ्यांत अडकून बसते. मक्याचे तसे नाही. मका निमूटपणे शिजतो, निमूटपणे आंबतो आणि दारूही भरपूर देतो. तरी कॅलगरीतच 'अल्बर्टा डिस्टिलर्स' नावाची एक जुनी आसवनी आहे, १९४६ साली सुरू झालेली. आसपासचे धान्य वापरण्यासाठीच ती निघाली आणि निव्वळ रायची व्हिस्की करण्यात तिने नाव मिळवले. व्याह्यांची राय अनेक वर्षे कॅलगरीकडेच विकली जाई.

'निव्वळ रायची' हे शब्द मी मुद्दाम वापरले. कारण कॅनडात राय व्हिस्की म्हणून जे विकले जाते त्यात राय असेलच असे नाही! मला आधी ही थट्टा वाटली. मग जावयाने कायदाच काढून दाखवला. 'कॅनेडियन व्हिस्की', 'कॅनेडियन राय व्हिस्की' आणि 'राय व्हिस्की' ही तिन्ही नावे तिथला कायदा एकाच अर्थाने चालवतो. अटी आहेत त्या अशा की धान्यापासून केलेली असावी, कॅनडातच किमान तीन वर्षे ७०० लिटरहून मोठ्या नसलेल्या लाकडी पिंपात मुरवलेली असावी आणि तिच्यात अल्कोहोल ४० टक्क्यांहून कमी नसावे. राय किती, यावर अक्षर नाही. शेजारच्या अमेरिकेत तेच नाव लावायचे तर निम्म्याहून जास्त, निदान ५१ टक्के राय लागते. जाणकार याचा इतिहास सांगतात तो असा की जुन्या गिरणीवाल्यांच्या भट्ट्यांत गव्हाची दारू निघे. जर्मन आणि डच वस्तीकरांनी तिच्यात चवीपुरती राय घालायला सुरुवात केली. गिऱ्हाईक "ती रायवाली द्या" म्हणू लागले, आणि पुढे धान्य बदलले तरी नाव चिकटून राहिले. धान्यच तसे चिकट!

मला स्वतःला हे पटत नाही. कुठल्याही आंब्याला हापूस म्हणून पेटीत घालणारे आपल्याकडे काय कमी आहेत? तिथे निदान आपण त्याला लबाडी म्हणतो. कायद्याने मान्यता दिली म्हणून पाटीवरचे नाव खरे होत नाही. व्याही मात्र शांतपणे म्हणाले, "आमच्याकडे सगळ्यांना हे माहीत आहे. म्हणून तर ज्याला खरी हवी तो बाटलीची मागची बाजू वाचतो."

सणाचे जेवण झाले, पोरे टीव्हीपुढे गेली, आणि व्याह्यांनी पिशवीतून एक बाटली काढून टेबलावर ठेवली. या वेळी मागची बाजू त्यांनी माझ्यापुढे केली. निव्वळ राय. वय सतरा वर्षे. पिंपात भरली २००६ साली, बाटलीत उतरवली २०२३ साली. एकाच पिंपातली, पिंपाचा क्रमांक शाईने हाताने लिहिलेला. (नाव देत नाही. आपल्याकडे मद्याच्या जाहिरातीला बंदी आहे आणि ती मला मान्य आहे.) ते म्हणाले, "मी २००६ सालीच राय विकली होती. यात माझे धान्य आहे असा माझा दावा नाही. पण नाही असेही कोणी सिद्ध करू शकणार नाही."

एका पिंपातली म्हणजे काय, हे थोडे सांगायला हवे. कॅनडाची खरी कसब मिश्रणाची. तिथे मका, राय, गहू, बार्ली यांच्या दारवा बहुतेक वेगवेगळ्या गाळतात, वेगवेगळ्या मुरवतात आणि शेवटी कुशल माणूस त्यांचे प्रमाण जुळवतो. मक्याची सौम्य व्हिस्की पायाला, रायची तिखट व्हिस्की चवीला. आपल्या गोड्या मसाल्यासारखे. धणे, दगडफूल, तीळ, खोबरे, दालचिनी सगळे आत असते आणि कोणीच एकटे पुढे येत नाही. वर्षानुवर्षे तीच चव राखायची तर हाच मार्ग, आणि त्यात कमीपणा काहीच नाही. पण एका पिंपातली व्हिस्की म्हणजे नुसती लवंग दाताखाली धरणे. पाठीशी घालायला दुसरे पिंप नाही. पिंप बिघडले तर सगळे बिघडले. साधले तर जे काही दीड-दोनशे बाटल्या भरेल तेवढेच, आणि ते संपले की तशी पुन्हा नाही. शेजारच्या पिंपात तीच दारू त्याच दिवशी भरलेली असली तरी ती वेगळी लागते. आपल्या बायकांना हे नव्याने सांगायला नको. तोच आंबा, तोच हात, तोच मुहूर्त, आणि लोणच्याच्या दोन बरण्या दोन चवींच्या.

शिक्षकाची खोड म्हणून मी तिथल्या तिथे कागदावर एक हिशेब केला. ओकच्या लाकडातून दारू हळूहळू उडून जाते. या घटीला भट्टीवाले 'देवदूतांचा वाटा' म्हणतात. थंड मुलखात तो वर्षाला दोन-तीन टक्के धरतात. दोनशे लिटरचे पिंप तीन टक्के घटीने सतरा वर्षांत ११९ लिटरवर येते. आपल्या बंगळूरला माल्ट व्हिस्की मुरवतात तिथल्या उष्ण हवेत हाच वाटा दहा टक्के नि त्याहून जास्त असतो. त्या हिशेबाने सतरा वर्षांत पिंपात ३३ लिटर उरतील. म्हणजे आपले देवदूत जास्त पितात! तात्पर्य, इतके वय हे त्या थंडीचे देणे आहे. आपल्याकडे पाच-सहा वर्षांत जे लाकडातून उतरते त्याला तिकडे दुप्पट-तिप्पट वर्षे लागतात, आणि म्हणून वयाचा आकडा वाचताना गावही वाचावे. निव्वळ आकड्याला भुलणारे लोक मला पगाराच्या आकड्यावर स्थळ ठरवणाऱ्यांसारखे वाटतात.

व्याह्यांनी ट्यूलिपच्या कळीसारखे, तोंडाशी निमुळते दोन ग्लास मांडले. माझ्यासमोर एक ठेवून ते म्हणाले, "पिऊ नका. नुसता वास घ्या. वास घेण्याने कोणाचे वचन मोडत नाही." त्यांना मुलीने सारे सांगितले होते, हे मला त्या क्षणी कळले.

मी ग्लास नाकाशी नेला आणि अण्णा समोर उभे राहिले. खोटे सांगत नाही. तीच झणझणी, तेच नाकात चढणे, गल्लीच्या तोंडाशी उभा असलेला मी. अल्कोहोल शेवटी अल्कोहोलच. परळचे असो की कॅलगरीचे, रेणू तोच. मी ग्लास खाली ठेवला. व्याही म्हणाले, "घाई केलीत. ग्लास हनुवटीपाशी धरा. तोंड किंचित उघडे ठेवा. आणि थांबा."

थांबलो. दहा मिनिटे तरी गेली असतील. आणि मग त्या झणझणीच्या मागून एकेक जण येऊ लागला. आधी भाजलेल्या भाकरीचा पापुद्रा. मग लवंग, अगदी स्पष्ट. रसायनाच्या शिक्षकाला त्याचे कारण आठवले. लवंगेत जे युजेनॉल असते तेच ओकच्या लाकडातही असते, आणि लाकडातल्या लिग्निनचे विघटन होऊन व्हॅनिलाचा वास देणारे व्हॅनिलीन बनते. मग शहाजिरे. मग पेन्सिलीला टोक काढल्यावर जो लाकडाचा वास येतो तो. त्याने मी थेट वर्गात गेलो. पुस्तकी जाणकार चामडे, तंबाखू आणि कसकसली युरोपातली फळे सांगतात. मी ती फळे पाहिलेली नाहीत. मला आमचा मिसळणाचा डबा पुरला. सौ.ला बोलावले. तिने लांबूनच हुंगले आणि म्हणाली, "जायफळ आहे." होते.

मग मी तो घोट घेतला. कोणी आग्रह केला नाही. आईचे पाहणे मी विसरलो नव्हतो, आणि ते ओलांडतो आहे हेही मला पुरते ठाऊक होते. 'घेतला' म्हणतो खरा, पण सरळ सांगायचे तर मी दारू प्यायलो. चहाचा अर्धा चमचा असेल. व्याह्यांनी सांगितल्याप्रमाणे तो जिभेवर फिरवला. पहिल्यांदा गोड, जळत आलेल्या साखरेचा, खारकेचा गोडवा. मग आले-मिऱ्याचा तिखटपणा जिभेच्या कडांनी चढत गेला. आणि गिळल्यावर बऱ्याच वेळाने, सगळे शांत झाले असे वाटत असताना, पपनसाच्या सालीखालच्या पांढऱ्या गराचा कडवटपणा. तो बराच वेळ राहिला. हा कडवटपणा कॅनडाच्या व्हिस्कीची खूण आहे म्हणतात. मला तोच सर्वांत आवडला.

नंतर व्याह्यांनी ड्रॉपरने पाण्याचे चार थेंब घातले, आणि मघाशी दडलेला फुलांसारखा एक वास वर आला. पाण्याने चव वाढते कशी, हा मला कोड्यात टाकणारा प्रश्न होता. स्वीडनमधल्या लिनियस विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी २०१७ साली संगणकावर याचा माग काढला होता. व्हिस्कीतले ग्वायाकोलसारखे वासाचे रेणू तीव्र अल्कोहोलमध्ये आतच गुरफटून राहतात. पाणी मिसळून तीव्रता उतरली की ते पृष्ठभागाकडे येतात. या बाटलीत अल्कोहोल ५५ टक्के होते, तेव्हा थेंबभर पाण्याला काम भरपूर होते. बर्फ मात्र त्यांनी घालू दिला नाही. गार पडले की वास मिटून बसतो.

त्या एका छोट्या पेगाला आम्हाला सव्वा तास लागला. मध्ये व्याही बोलले. एरवी न बोलणारा माणूस. त्यांचा थोरला भाऊ अशाच एका थँक्सगिव्हिंगच्या रात्री पिऊन ट्रक घेऊन निघाला आणि शेताच्या रस्त्यावरच गेला. तेव्हापासून त्यांचे नेम आहेत. एकट्याने प्यायची नाही. वर्षाला एकच बाटली. दुसरा ग्लास भरायचा नाही. आणि पिणाऱ्याच्या गाडीची किल्ली विहीणबाईंच्या त्या जांभळ्या बटव्यात.

मी त्यांना अण्णांचे सांगितले. हातभट्टीत काय असते तेही सांगितले. गाळताना आधी येणारा उग्र भाग आणि शेवटी येणारा तेलकट भाग वेगळा काढून फक्त मधला ठेवायचा, हा आसवनीचा पहिला धडा. हातभट्टीत एवढा धीर कोणाला? रात्री गाळली, सकाळी विकली. ते ऐकून जावई समजुतीच्या सुरात म्हणाला, "म्हणजे त्यांना चांगली मिळाली असती तर..." मी त्याला तिथेच थांबवले. हे मला या लेखातही ठासून सांगायचे आहे. चांगली मिळाली असती तरी अण्णा गेलेच असते. यकृताला पिंपाचे वय वाचता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३मध्ये स्पष्ट म्हटले आहे की मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्याला निर्धोक नाही. कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या यादीत ते १९८८पासून आहे. कॅनडातल्याच नव्या मार्गदर्शनाने त्याच वर्षी आठवड्याला दोन पेगांपर्यंतच धोका कमी धरला. तिथला प्रमाण पेग म्हणजे ४० टक्क्यांची ४३ मिलिलिटर. आमच्या ५५ टक्क्यांच्या बाटलीतून मोजायचे तर जेमतेम ३१. म्हणजे आपला 'स्मॉल'.

रसिकतेच्या नावाखाली हे झाकणारे लोक मी आता पाहू लागलो आहे. आपल्या शहरांतूनही महागड्या बाटल्यांची चर्चा वाढली आहे. लग्नाच्या आदल्या रात्री बाटलीचे वय सांगून भाव मारणारे भेटतात, आणि अकरा वाजता त्यांनाही कोणीतरी खांद्याला धरून गाडीत घालतच असतो. सतरा वर्षे मुरलेले चार घोटांत संपवायचे तर ती हातभट्टीच, फक्त महाग. त्या राय व्हिस्कीने मला एवढे दिले की ती कमी पिऊनच कळते. दुसऱ्या ग्लासात नाक बधिर होते आणि तिसऱ्यात लवंग कोणती नि शहाजिरे कोणते हे सांगता येणार नाही, असे व्याही म्हणाले. मी पडताळून पाहिले नाही आणि पाहणारही नाही. ज्याच्या घरात एक अण्णा आहे त्याने हा सव्वा तासाचा प्रयोगही करू नये, असेच मी सांगेन. मी स्वतः केला, तो पन्नास वर्षे कोरडा राहिल्यावर. मग आई काय म्हणाली असती? ती काहीच म्हणाली नसती. पाहिले असते. त्या पाहण्याला माझ्याकडे आजही उत्तर नाही.

रात्री ग्लास तसेच टेबलावर राहिले. सकाळी मी उठलो तेव्हा बाहेर पहिले बर्फ पडत होते. शेतावरच्या त्या हिरव्या पट्ट्यावरही पडत असणार. सौ. ओट्यापाशी भांडी विसळत होती. माझा ग्लास तिने नळाखाली धरण्याआधी नाकाशी नेला. रात्रीची झणझणी उडून गेलेली, तळाशी वाळलेला एक पिवळसर ठिपका.

"काय येतंय?" मी विचारले.

"गोठ्यातल्या सुक्या कडब्यासारखं," ती म्हणाली, आणि ग्लास विसळून पालथा घातला.